पुठ्ठ्यावर बसून

सुपडूभाऊनं बाकावर पुठ्ठा टाकला,
टीव्हीच्या खोक्याचा, आतून पन्हळीचा.
म्हणाला, बसा सिस्टर, पाय जरा उचला,
मिनिटभर हलू नका.
दुकानात दोन गिऱ्हाइकं होती,
त्यांनी मुद्दाम आग्रा रोडकडं बघितलं.

बसा, हलू नका, झालंच.
छत्तीस वर्षं हेच म्हणत आले मी,
सुई लपवून.

उठले तर पुठ्ठ्यावर दोन खड्डे.
त्यानं खडूनं गोल काढले, पट्टी लावली.
तेरा सेंटीमीटर.
"ही तुमची हाडं. सीट यांच्या मापाची हवी.
मऊ नको. मऊ सीट दहा किलोमीटरला गोड लागते,
मग रडवते."

किती बाळांची डोकी टेपनं मोजली,
किती दंडांचे घेर.
माझं माप मात्र
ब्लाउज शिवणाऱ्या लताबाईंशिवाय
कुणी घेतलं नव्हतं.

मनात होती ती काचेतली लाल.
एडक्याच्या शिंगांसारखं हॅण्डल, वजन एका हाताचं.
बसून बघितली.
मान म्हणाली नको, पंजे म्हणाले नको,
आणि दिसत काय होतं? पुढचं चाक.
चाकापुढं हातभर फरशी.
पाळण्यावर वाकले, रजिस्टरवर वाकले,
चुलीपुढं झोपवलेल्या बाळंतिणींवर वाकले.
आता परत पैसे मोजून वाकू?

मयूर पुण्याहून फोनवर:
आई, टोपलीवाली घे, लेडीज, भाजी येईल त्यात.
भाजी दारावर येते रे.

नणंद म्हणाली, "तुनं वय व्हयनं आते,
लोके काय म्हनतीन?"
लोके. कापडण्याच्या रस्त्यानं
खात्याच्या काळ्या सायकलवर
लसीचा डबा मागं बांधून जायचे,
तेव्हाही लोके होतेच.
काय म्हणाले ते आता आठवत नाही.
डब्यातला बर्फ आठवतो,
पाठीमागं खुळखुळणारा.

बँकेत एफडी मोडताना पोरानं कारण विचारलं.
म्हटलं, गुडघ्यांसाठी.
खोटं नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातली, भिंतीला टेकवलेली,
वांग्याच्या देठासारखी हिरवी.
हॅण्डल शिंगांचंच; तेवढं मी सोडलं नाही.
पण पुढची नळी उंच.
सुपडूनं खाली तीन चकत्या घातल्या,
मधला दांडा आखूड लावला,
टायर बत्तीसचे, "आपल्या खड्ड्यांना पुरतील,"
आणि मागं भाकरीएवढी चकती.
ती कशाला? विचारलं.
"लळिंगला कळेल."

तीनदा सीट वर, दोनदा खाली.
ब्रेक माझ्या आखूड बोटांजवळ ओढून दिला.
रागावला नाही. दुपारचं जेवण राहिलं त्याचं.
मी म्हटलं, सुपडूभाऊ, शुगर बघून घे एकदा,
तर हसला, हात ग्रीसनं काळे.

पहाटे पाचला, पांझरेच्या पुलावर कुत्रंसुद्धा नव्हतं.
गावाबाहेर कापसाचा एक ट्रक, मग काहीच नाही.
चढ लागला. भाकरी लागली.
पाय फिरत राहिले नुसते,
चालणाऱ्यापेक्षा जरा कमीच वेगानं.
दोनदा उतरले. कुणाला सांगायचं तर एकदाच सांगीन.
टँकरवाल्यानं हॉर्न दिला, किन्नरनं खिडकीतून
"आजी!" म्हणून अंगठा दाखवला.
आजी तर आजी.

पण मान न दुखवता
किल्ला दिसत होता, सबंध, डावीउजवीकडच्या डोंगरांसकट.
त्याच्यामागं उजेड फुटत होता, हळदीच्या दुधाचा.

वर टपरीवाल्यानं शटर अर्धंच उघडलं होतं.
थांबले. पाय जमिनीला टेकले, दोन्ही, सहज.
मग सवयीनं तपासलं,
अंगठ्यापासून एकेक बोट चिमटीत धरून,
लागतंय का, इथं लागतंय का,
करंगळीपर्यंत.
सगळी जागी होती.

पुठ्ठा मी मागून घेतला होता.
कपाटामागं ठेवलाय, क्ष-किरणाच्या पाकिटांशेजारी.